नेम धरताना वजन कोण पेलतं? रिकर्व्ह आणि कंपाउंड धनुष्यांची सोपी ओळख

धनुष्याच्या खालच्या लिम्बवर, म्हणजे वाकणाऱ्या हातावर, आतल्या बाजूला, बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. समजा 68 आणि 24. पहिला धनुष्याची लांबी सांगतो, इंचांत. दुसरा सांगतो ते ताणायला किती जोर लागतो, पाउंडांत. नवीन शिकायला येणाऱ्या बहुतेकांना हा दुसरा आकडा मोठा हवा असतो. अठरा-वीस पाउंडांचं धनुष्य हातात दिलं की चेहरा उतरतो. ‘हे तर पोरांचं आहे!’ म्हणणारे गृहस्थच थोड्या वेळाने खांदा चोळत बाकावर बसलेले दिसतात.

रिकर्व्ह घ्यावं की कंपाउंड, हा प्रश्नसुद्धा याच आकड्यापासून सोडवायला घ्यावा. दोरी पूर्ण ओढून तुम्ही नेम धरून उभे असता, त्या चार-पाच सेकंदांत दोरीच्या ओढीचं वजन कोण पेलतं? रिकर्व्हमध्ये तुम्ही. कंपाउंडमध्ये बरंचसं यंत्र. नेम धरायची पद्धत, बाण सोडायची पद्धत, खर्च, देखभाल, घरातल्या चौघांना एकच धनुष्य पुरेल की नाही, हे सगळं या एका उत्तरातून निघतं.

रिकर्व्ह आधी पाहू, कारण त्यात लपलेलं काही नाही. मधे मुठीचा भाग, म्हणजे रायझर. सुरुवातीच्या धनुष्यांत तो लाकडी असतो, पुढे धातूचा. त्याला वर आणि खाली एकेक लिम्ब. लिम्बची टोकं पुढच्या दिशेला वळलेली असतात, आणि त्या उलट्या वळणामुळे तेवढ्याच लांबीच्या साध्या धनुष्यापेक्षा यात जास्त ऊर्जा साठते. दोन टोकांना एक दोरी. दोरी जितकी मागे न्याल तितका जोर वाढत जातो, आणि ती हनुवटीखाली येऊन टेकते तेव्हा तो सर्वांत जास्त असतो. म्हणजे ज्या क्षणी हात स्थिर हवा, त्याच क्षणी धनुष्य तुम्हाला सगळ्यात जोराने पुढे खेचत असतं. रिकर्व्हची सगळी गंमत आणि सगळा छळ इथेच आहे.

लिम्बवरचा आकडा 28 इंचांच्या ओढीसाठी मोजलेला असतो. तुमचे हात आखूड असतील आणि दोरी 26 इंचांपर्यंतच येत असेल, तर 24 पाउंडांच्या धनुष्याचा जोर बोटांवर वीसच्या आसपास पडतो. इंचामागे साधारण दोन पाउंड कमी-जास्त होतात. उंच माणसाला तेच धनुष्य जड, ठेंगण्याला हलकं. त्यामुळे ‘मित्राला तीस पाउंड चालतं, मग मला का नको’ या वादात अर्थ नसतो.

कंपाउंड दिसायलाच वेगळं. आखूड, कडक लिम्ब, दोन्ही टोकांना चाकं, आणि दोरीखेरीज आणखी केबल. ही कल्पना अमेरिकेतल्या मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांची. त्यांनी 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते मिळालं. यातली चाकं म्हणजे कॅम. ती नीट गोल नसतात आणि त्यांचा आसही मधोमध नसतो, त्यामुळे ओढीच्या सुरुवातीला तुम्हाला पूर्ण जोर लावावा लागतो आणि शेवटी कॅम फिरून अशा स्थितीत येतो की लिम्बचा ताण केबलच पेलून धरतात. पणजीतल्या आल्तिनोच्या चढावावर बंद पडलेली स्कूटर ढकलत न्यावी तसं हे आहे: माथा येईपर्यंत घाम, आणि माथ्यावर पोचलात की नुसता हात लावून उभं राहता येतं. ओढीच्या शेवटी जोर जेवढा कमी होतो त्याला लेट-ऑफ म्हणतात. आजच्या धनुष्यांत तो साधारण 65 ते 80 टक्के असतो, काहींत त्याहूनही अधिक.

हिशेब मांडून पाहा. 24 पाउंडांचं रिकर्व्ह पूर्ण ओढलं की बोटांवर सुमारे 11 किलो असतात. 50 पाउंडांच्या कंपाउंडला 75 टक्के लेट-ऑफ असेल तर नेम धरताना हातात उरतात साडेबारा पाउंड, म्हणजे पावणेसहा किलोही नाहीत. दुप्पट ताकदीचं धनुष्य, आणि धरायला निम्मं. मात्र तिथे पोचायला आधी 50 पाउंडांचा माथा ओलांडावा लागतो, जवळपास 23 किलोंचा, आणि तो ओलांडायची ताकद नसेल तर लेट-ऑफ कितीही असला तरी उपयोग नाही. धनुष्य आभाळाकडे वर करून, कंबर वाकवून झटक्याने दोरी ओढणारा माणूस दिसला तर समजावं, त्याने पाउंड जास्त घेतले आहेत. असं ओढताना दोरी निसटली तर बाण कुठे जाईल याचा भरवसा नाही.

कंपाउंडचा बाण इतका वेगवान का, तेही इथेच कळतं. बाणाला मिळणारी ऊर्जा म्हणजे ओढीच्या प्रत्येक इंचाला तुम्ही लावलेल्या जोराची बेरीज. रिकर्व्हमध्ये जोर हळूहळू चढत जातो. कंपाउंडमध्ये तो लगेच वर जातो, बराच वेळ वरच राहतो आणि अगदी शेवटी उतरतो. बेरीज साहजिकच मोठी होते. स्पर्धेतल्या रिकर्व्हचा बाण ढोबळ मानाने सेकंदाला 60 मीटर धरला, तर 70 मीटर गाठायला त्याला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ सात मीटर खाली ओढतं. म्हणून तो कमानीतून जातो. कंपाउंडचा बाण सेकंदाला 85 मीटरने निघाला तर 50 मीटर जायला 0.6 सेकंद पुरतात आणि तो पावणेदोन मीटरच खाली येतो. नवशिक्याच्या हलक्या धनुष्यातून तर 18 मीटरवरसुद्धा बाण पाऊण मीटरभर पडतो. प्रत्येक अंतराला साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, वरखाली का करावी लागते, ते यावरून लक्षात येईल.

बोटं आणि ट्रिगर

रिकर्व्हची दोरी तीन बोटांनी धरतात, चामड्याचा टॅब लावून. सोडताना बोटं ‘उघडायची’ नसतात, नुसती सैल सोडायची असतात. दोरी स्वतःच निघून जाते. पण जाताना ती बोटांवरून घसरून किंचित बाजूला सरकते आणि बाणाच्या शेपटीला आडवा धक्का बसतो. त्या धक्क्याने बाण आडवा वाकतो, परत सरळ होतो, दुसऱ्या बाजूला वाकतो आणि असा लहरत धनुष्याला वळसा घालून निघतो. स्लो मोशनमधला व्हिडिओ पाहिला नसेल तर हे खरं वाटत नाही.

म्हणून बाण किती ताठ आहे याला एवढं महत्त्व. या ताठपणाला स्पाइन म्हणतात. बाणाची नळी 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवून मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगायचं आणि ती किती वाकते ते पाहायचं. अर्धा इंच वाकली तर स्पाइन 500. म्हणजे आकडा मोठा, तसा बाण लवचिक. हलक्या धनुष्याला लवचिक बाण लागतो, जड धनुष्याला ताठ. उजव्या हाताने मारणाऱ्याने पिसं नसलेला एक बाण पिसांच्या बाणांबरोबर मारून पाहावा. तो एकसारखा डावीकडे लागत असेल तर बाण फार ताठ, उजवीकडे लागत असेल तर फार मऊ. डावखुऱ्यांनी उलट समजावं. ही चाचणी सोडायचं तंत्र थोडं बसल्यावर करावी. आधी केलीत तर ती बाणाऐवजी तुमच्या बोटांचीच परीक्षा होईल.

कंपाउंडमध्ये बोटं दोरीला लागतच नाहीत. दोरीवर एक छोटी गाठ असते, तिला रिलीज नावाचं उपकरण अडकवतात, कुणाचं मनगटाला बांधलेलं, कुणाचं मुठीत धरायचं. ट्रिगर सुटला की दोरी सरळ पुढे जाते. आडवा धक्का जवळजवळ नाहीच. दोरीत डोळ्यासमोर पीप नावाचं बारीक भोक, पुढच्या साइटमध्ये भिंग आणि धनुष्य तिरकं झालं का ते सांगणारा पाण्याचा बुडबुडा. रिकर्व्हच्या स्पर्धेत यातलं काहीच चालत नाही, ना रिलीज, ना पीप, ना भिंग, ना बुडबुडा. तिथे साधी साइट, धक्का शोषणारे स्टॅबिलायझर नावाचे लांब दांडे आणि क्लिकर एवढंच. क्लिकर ही धातूची पातळ पट्टी. बाण पूर्ण ओढला की त्याचं टोक पट्टीखालून सरकतं, ‘टिक’ होतं, आणि त्या आवाजावर बाण सोडायचा. दर वेळी ओढ तेवढीच राहते.

यावरून कंपाउंड सोपं असा निष्कर्ष काढायची घाई नको. पहिल्या महिन्यात ते सोपं वाटतं, हे खरं. बाण जवळजवळ लागू लागतात आणि उत्साह टिकतो. पण तिथे सगळ्यांचेच बाण जवळजवळ लागतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडच्या अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवले, आणि प्रतिस्पर्ध्याचे होते 149. पंधराच्या पंधरा बाण 50 मीटरवरून आठ सेंटिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी जगज्जेती झाली. रिकर्व्हचं अंतर 70 मीटर, टार्गेट 122 सेंटिमीटरचं आणि दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं. ऑलिंपिकमध्ये 1972 पासून आतापर्यंत रिकर्व्हच होतं. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असेल. पॅरालिंपिकमध्ये दोन्ही आहेत. 2024 ला पॅरिसमध्ये हरविंदर सिंगने रिकर्व्हमध्ये सुवर्ण जिंकलं, आणि दोन्ही हात नसलेल्या शीतल देवीने पायाने कंपाउंड धरून राकेश कुमारबरोबर कांस्य.

मग सुरुवात कशाने?

माझं मत स्पष्ट आहे: हलक्या रिकर्व्हने, आणि तेही आधी दुसऱ्याच्या. प्रौढ स्त्रियांनी 16 ते 20 पाउंड, पुरुषांनी 18 ते 24, शाळकरी मुलांनी त्याहून कमी. ही शिफारस ऐकून नाराज होणाऱ्यांनी एक गुणाकार करावा. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत 72 बाण मारतात. 24 पाउंडांनी 72 बाण म्हणजे पावणेआठशे किलोंहून जास्त वजन एका सकाळी ओढलं, आणि तेही दोन-तीन बोटांनी व पाठीच्या अशा स्नायूंनी, ज्यांना एरवी कोणी कामाला लावत नाही. ते स्नायू तयार व्हायच्या आत पाउंड वाढवले की माणूस हाताने आणि खांद्याने ओढू लागतो, खांदा दुखावतो, आणि चुकीची सवय मोडायला ती लागायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. वाढवायचेच तर दोन-चार पाउंडांनी. वेगळे होणारे लिम्ब असलेलं टेकडाउन रिकर्व्ह घेतलं तर रायझर तोच ठेवून नुसते लिम्ब बदलता येतात.

घरातल्या चौघांसाठीही रिकर्व्हच बरं. त्यात ओढीची लांबी ठरलेली नसते. आई 26 इंच ओढेल, मुलगा 29. कंपाउंडमध्ये ओढीची लांबी कॅमच ठरवतो. दोरी त्या बिंदूला भिंतीला टेकल्यासारखी थांबते आणि तो बिंदू तुमच्या हातांच्या लांबीप्रमाणे आधी लावून घ्यावा लागतो. भावाचं कंपाउंड तुमच्या मापाचं असेलच असं नाही. माप चुकलं की डोकं मागे न्यावं लागतं किंवा कोपर दुमडून राहतो, आणि मग नेमाबद्दल बोलायलाच नको.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक विचारतील तुमचा कुठला डोळा जोरदार आहे. हात पुढे करून अंगठा-तर्जनीचं छोटं वर्तुळ करा, त्यातून दोन्ही डोळ्यांनी लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना वस्तू वर्तुळातच राहते तो जोरदार. उजव्या हाताच्या काही माणसांचा डावा डोळा जोरदार निघतो. अशांनी डावखुरं धनुष्य घेऊन पाहायला हरकत नाही. नवीनच शिकताय, दोन्ही हात सारखेच अडाणी आहेत.

पहिले काही आठवडे टार्गेट आठ-दहा मीटरवर, आणि त्यावर कागदही नको. कागद लावला की लक्ष गुणांकडे जातं. पाय, पाठ, ओढ, दोरी दर वेळी चेहऱ्यावर त्याच जागी टेकणं, आणि सोडल्यावर हात तसाच राहणं, एवढंच बघायचं. धनुष्य धरलेल्या हाताचा कोपर बाहेरच्या बाजूला वळवला नाही तर दोरी हाताच्या आतल्या बाजूला सपकन बसते आणि निळा डाग आठवडाभर दाखवत फिरावा लागतो. आर्मगार्ड स्वस्त असतो. तो घालावा.

काही गोष्टींत मात्र वाटाघाट नाही. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कधीही, गंमत म्हणूनही. बाणाला जाणारी सगळी ऊर्जा लिम्ब आणि दोरीत परत जाते. रिकर्व्हचं लिम्ब तडकतं, कंपाउंडचे तर तुकडे उडू शकतात. कार्बनचा बाण मारण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून कान देऊन पाहायचा, कारण तडा गेलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. नवशिक्याचे बाण गरजेपेक्षा दोन इंच तरी लांब असावेत, नाहीतर जास्त ओढल्यावर टोक रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, मागे येऊन हातावर पडू शकतं. रेषेवर शिटीचे नियम जगभर सारखेच: दोन शिट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला चला. पाच किंवा जास्त वाजल्या की जिथे असाल तिथे दोरी सावकाश खाली आणायची, कारण न विचारता.

गोव्यात मारायचं कुठे

माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न हाच. चुकलेला बाण 30 पाउंडांच्या धनुष्यातूनही दीडशे मीटर सहज जातो. भात कापून झालेलं खाडीकाठचं खाजन शेत मोकळं दिसतं, पण बांधावरून कधी कोण येईल सांगता येत नाही. समुद्रकिनाऱ्याचा तर विचारच सोडावा, ऐन पावसातसुद्धा. घरामागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, टार्गेट लावणाऱ्यांना वाटतं, मागे चिऱ्यांचा गडगा आहे, काळजी नाही. चिऱ्यावर आपटलेला बाण मोडतो तरी किंवा उसळून परत येतो तरी. माडाच्या बुंध्यात घुसला तर तो काढताना तुटतो, माडालाही जखम होते, आणि शेजाऱ्याचा माड असेल तर पुढचं सांगायला नको. मातीची उंच उतरण मागे असेल, दोन्ही बाजूंनी कोणी येण्यासारखी वाट नसेल आणि जागेच्या मालकाची परवानगी असेल, तेव्हाच घरी. नाहीतर क्रीडा संकुलांत किंवा क्लबात चौकशी करून आखलेल्या रेषेवर, इतरांबरोबर मारावं. रानडुकरांनी भाजी उद्ध्वस्त केली म्हणून धनुष्याची आठवण होणारेही भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं की परवानगीशिवाय शिकार हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, साधन कुठलंही असो.

सराव सकाळी ठेवावा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हलका बाण बाजूला वाहतो आणि आपली चूक कुठली, वाऱ्याची कुठली, हे नवशिक्याला कळत नाही. जून ते सप्टेंबर बाहेर मारणं फार कमी होतं. तेव्हा छताखाली 18 मीटरवर 40 सेंटिमीटरचा कागद लावावा. त्या अंतरावर सवयी घट्ट होतात. पावसात गवतात हरवलेला बाण हाताने चाचपडून शोधू नये, काठीने शोधावा. साप आपल्यासारखेच कोरड्या जागेच्या शोधात असतात.

दमट हवेचा हिशेब धनुष्यालाही ठेवावा लागतो. नैसर्गिक पिसं भिजली की बसतात, म्हणून प्लास्टिकचे व्हेन बरे. चामड्याच्या टॅबला बुरशी येते. लाकडी रायझरचं धनुष्य दोरी उतरवून, आडवं ठेवावं. भिंतीला टेकवून कोपऱ्यात उभं केलं तर लिम्ब पिळतात. दोरी चढवताना गुडघ्याखाली दाबून वाकवू नये, स्ट्रिंगर नावाची साधी दोरी मिळते, ती वापरावी. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत धनुष्य सोडून जाणाऱ्याला लिम्बचे थर उचकटल्यावर पश्चात्ताप होतो. दोरीला अधूनमधून मेण चोळायचं, स्क्रूंना तेलाचा हात फिरवायचा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर हे जरा जास्तच वेळा.

कंपाउंडला हीच निगा दुप्पट लागते, आणि एक अडचण वेगळी आहे. त्याची दोरी किंवा केबल घरी बदलता येत नाही, लिम्ब दाबून धरणारा बो प्रेस लागतो. तो कोणाकडे आहे आणि ती व्यक्ती तुमच्या गावापासून किती लांब आहे, हे धनुष्य घ्यायच्या आधी विचारावं. सेकंडहँड कंपाउंड बघायला गेलात तर कॅमच्या कडेला खरचटलंय का, केबलचे धागे उसवलेत का, लिम्बच्या कडेला नख फिरवून तडा लागतो का, हे पाहावं. ओढीची लांबी कुठपासून कुठपर्यंत बदलता येते हे विकणाऱ्याला विचारावं आणि तुमचं माप त्यात बसत नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी परत यावं. बाण सगळ्यात शेवटी घ्यावेत, पाउंड आणि ओढीची लांबी पक्की झाल्यावर. कंपाउंडला फार हलका बाण धोक्याचा असतो. बऱ्याच कंपन्या पाउंडामागे किमान 5 ग्रेन सांगतात, म्हणजे 50 पाउंडांना 250 ग्रेन, साधारण 16 ग्रॅमचा बाण. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो तोलता येतो.